तितरमाळाचं पहिलं नाव

आसोली ग्रामपंचायतीच्या सचिवाने टेंभारा ग्रामपंचायतीच्या सचिवाला त्या दिवशी चांगलंच कडक पत्र लिहिलं. 'आपल्या कार्यालयाची भूमिका संयुक्त खरेदीस बाधा आणणारी असून त्याबाबत तात्काळ खुलासा करावा.' सही झाली, शिक्का बसला, जावक नंबर पडला. मग मी ते पत्र पर्समध्ये टाकलं, स्कूटी काढली, माळावरच्या पायवाटेने पलीकडे टेंभाऱ्याला गेले, तिथल्या खुर्चीवर बसले आणि तेच पत्र आवक केलं. वाचून रागही आला. दोन्ही सचिव मीच होते.

मी ग्रामसेविका. हल्ली आमच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून कुणी तसं म्हणत नाही. ग्रामसेविका म्हणजे ग्रामपंचायतीची सचिव. सभा लावायची, ठराव लिहायचे, घरपट्टी पाहायची आणि नळाला पाणी आलं नाही की सगळ्यांत आधी बोलणी खायची. माझी नेमणूक आसोलीला. टेंभाऱ्याच्या ग्रामसेवकांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून तिथला 'अतिरिक्त कार्यभार' माझ्याकडे. अतिरिक्त कार्यभार म्हणजे दुसऱ्या गावाचं सगळं काम, आणि तेही तात्पुरतं. तात्पुरतं किती दिवस चालतं, ते सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा.

दोन्ही गावं चिखली तालुक्यात, अमडापूरच्या बाजूला. नावं मी बदलली आहेत. कारण दोन्ही गावांचे लोक हे वाचतील आणि पहिला प्रश्न हाच विचारतील, की आमच्या गावाचं नाव नंतर काऊन आलं.

दोन गावांच्या मधे एक माळ आहे. त्याला तितरमाळ म्हणतात. वरच्या अंगाला टेंभारा, खालच्या अंगाला आसोली. माळावर गवत, तरवड, थोडे हिवर आणि पळस, बाकी सगळं मोकळं. परक्या माणसाला तिथे पाहण्यासारखं काही दिसणार नाही. पण दोन्ही गावांची गुरं तिथेच चरतात. दोन्ही गावांचा पोळा तिथेच भरतो. आणि माळावर पडलेलं पाणी मुरत मुरत दोन्ही गावांच्या विहिरींत उतरतं. आसोलीची विहीर खालच्या अंगाला असली तरी उथळ आहे, उन्हाळ्यात ती आधी दगा देते. माळ गेला तर दोन्ही गावांचं पाणी जाणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही.

एवढं असून माळ गावाचा नव्हता. सात-बाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या उताऱ्यावर, नाव होतं कौसल्याबाईंचं. त्यांच्या यजमानांनी त्या माळावर कधी नांगर घातला नाही आणि कुणाच्या गुराला कधी हाकललं नाही. सगळं इतकं सवयीचं झालं होतं, की माळाला मालक आहे हेच लोक विसरले होते. यजमान गेल्यावर कौसल्याबाई शेगावला मुलाकडे राहायला गेल्या.

उन्हाळ्यात एक दिवस माळाच्या कडेला जीप उभी राहिली. त्यातून रस्त्याच्या कामाचा ठेकेदार उतरला. रस्त्याला भराव लागतो, भरावाला मुरूम लागतो, आणि तितरमाळाच्या पोटात मुरूमच मुरूम आहे. ठेकेदाराने कौसल्याबाईंच्या मुलाशी बोलणी सुरू केली होती. मुरूम काढून झाला की उरलेल्या जागेचे प्लॉट.

त्या आठवड्यात दोन्ही सरपंच माझ्याकडे आले. वेगवेगळे आले.

आसोलीच्या सरपंच निर्मलाबाई. घरची भाजीची शेती, स्वतः वांगी-मिरची घेऊन चिखलीच्या बाजारात बसणाऱ्या. कमी बोलतात. टेंभाऱ्याचे सरपंच भास्करभाऊ, आमच्यासारखेच बौद्ध, कापूस-सोयाबीनवाले. ते भरपूर बोलतात. दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली. निर्मलाबाई म्हणाल्या, "मॅडम, माळ वाचवा." भास्करभाऊ अर्धा तास बोलले, त्याचाही अर्थ तोच होता.

मी पंचायत समितीत बीडीओ साहेबांकडे गेले. बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, आमचे तालुक्याचे बॉस. साताऱ्याकडचे, नुकतेच आलेले. वऱ्हाडी बोली ऐकली की हसू दाबायचे, पण माणूस कामाचा.

"साहेब, ग्रामपंचायतीला जमीन विकत घेता येते ना?"

"येते. ग्रामसभेचा ठराव, शासकीय मूल्यांकन आणि झेडपीच्या सीईओंची मंजुरी. पण तुमच्या एका ग्रामपंचायतीला हे झेपणार आहे का?"

"एकीला नाही झेपणार. दोघींना मिळून झेपेल. थोडा हातभार जिल्हा परिषदेने लावला तर."

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "दोन ग्रामपंचायती मिळून? कायद्यात संयुक्त समिती आहे. पण मी कुणी केलेली पाहिली नाही."

"मग पाहा की," मी म्हणाले. असं बॉसला बोलू नये, पण ते रागावले नाहीत. उलट त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः बुलढाण्याला जाऊन विषय मांडला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. फाईल टेबलावर ठेवून 'चर्चा करा' असा शेरा मारणं त्यांना फार सोपं होतं.

मग मी शेगावला गेले. चिखलीहून खामगाव, तिथून शेगाव. कौसल्याबाईंच्या मुलाचं स्टेशनरोडला छोटं लॉज आहे. खाली काउंटरच्या मागे खाटेवर आजी बसल्या होत्या, भक्तांच्या चपला-पिशव्यांची ये-जा पाहत.

"पोरी, तू कोनत्या गावाकडून आली?"

"दोन्हीकडून, आजी."

"हे मी पयल्यांदाच आयकून राह्यली," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी माळाचीच चौकशी केली. नाल्याजवळचा मोठा हिवर आहे का, तितर अजून बोलतात का, पोळ्याला किती जोड्या येतात. शेवटी म्हणाल्या, "पोराले ठेकेदारानं घोळात घेतलं हाये. पोराचंबी चुकत नाई, त्याले त्याचा धंदा वाढवाचा हाये. पन माह्या डोळ्यादेखत तथी मशीन लागाले नाई पायजे. मी पोळ्यापर्यंत थांबते. पोळ्याच्या आधी कागद करा, माळ तुमचा. नाई झाला, तर मंग मी पोराले अडवनार नाई."

ठेकेदार आमच्यापेक्षा जास्त भाव देत होता. तो सोडून ही बाई आमच्यासाठी थांबायला तयार होती. मी त्यांच्या पाया पडले. सरकारी कामासाठी गेले होते, पण पडले.

त्यानंतरचं काम इतकं सुरळीत झालं की मलाच भीती वाटायला लागली. दोन्ही गावांत ग्रामसभा झाल्या. एरवी कोरमसाठी लोकांना घराघरांतून बोलवावं लागतं, त्या दिवशी बसायला सतरंज्या कमी पडल्या. दोन्ही ठरावांत मी एकच मजकूर लिहिला, शब्दाला शब्द. या जमिनीवर प्लॉट पडणार नाहीत, मुरूम निघणार नाही, बांधकाम होणार नाही. चराई, पोळा आणि पाणी, एवढंच. आणि एका गावाने मन बदललं तरी दुसऱ्याच्या संमतीशिवाय काही करता येणार नाही. मूल्यांकन झालं, जिल्हा परिषदेने आपला वाटा मंजूर केला, सीईओंची मंजुरी आली. आषाढ संपत आला होता. खरेदीखताचा कच्चा मसुदा तेवढा उरला होता.

मसुद्यात मी लिहिलं: खरेदी घेणार, क्रमांक एक, आसोली ग्रामपंचायत. क्रमांक दोन, टेंभारा ग्रामपंचायत.

तो कागद टेंभाऱ्याच्या मासिक सभेत वाचला आणि सभा उभी राहिली.

"आमी दोन नंबर?" एक सदस्य म्हणाले. "दोन नंबर काऊन?"

मी क्रम उलटा करून आसोलीत वाचला. तिथेही सभा उभी राहिली.

ह्यामागचं कारण सांगायचं तर पोळ्याचं सांगावं लागेल. पोळ्याला बैल सजवून एका तोरणाखाली उभे करतात. मानाची जोडी पहिल्यांदा तोरणाखालून जाते, मग बाकीच्या. पूर्वी तितरमाळावर दोन्ही गावांचं एकच तोरण लागायचं आणि मानाची जोडी असायची कौसल्याबाईंच्या घरची. माळ त्यांचा, मान त्यांचा, कुणाची तक्रार नव्हती. त्यांच्या घरचे बैल गेले आणि पहिली जोडी कुणाची हा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षी आसोलीचे बैल आणि टेंभाऱ्याचे बैल एकाच वेळी तोरणाकडे धावले, तोरण तुटलं, काही डोकीही फुटली. तेव्हापासून माळावर दोन तोरणं लागतात. एकाच दिवशी, एकाच वेळी, हाकेच्या अंतरावर. लोक एकमेकांकडे पाहत नाहीत, पण कुणाच्या बैलांच्या झुली जास्त भारी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं.

अशा दोन गावांना मी एक-दोन असे नंबर दिले होते.

बीडीओ साहेब म्हणाले, "अकारविल्ह्याने लावा. त्यात कुणाचा मान-अपमान नाही."

अकारविल्ह्याने आसोली आधी येते. टेंभाऱ्याचे लोक म्हणाले, बाराखडी आम्हाला विचारून केली नव्हती. लोकसंख्येने लावलं तर टेंभारा आधी. आसोलीवाले म्हणाले, मग गाईगुरं मोजा, माळ माणसांसाठी आहे की ढोरांसाठी? मी चिठ्ठी टाकू म्हटलं. भास्करभाऊ म्हणाले, "मॅडम, चिठ्ठीत हरलो तर गावात तोंड कसं दाखवू? भांडून हरलो तर निदान भांडलो असं तरी म्हनता येते." जिल्हा परिषदेचं नाव पहिलं टाकून पाहिलं. तेव्हा भांडण दुसऱ्या नंबरावर आलं.

ही सगळी भांडणं रीतसर चालली होती. म्हणजे पत्राने. आसोलीचा निषेध मी लिहायची, टेंभाऱ्याचं प्रत्युत्तर मी लिहायची. माळावरच्या त्या पायवाटेने ते कागद मीच इकडून तिकडे न्यायची. पायवाट आसोलीतून निघते आणि नेमकी टेंभाऱ्याच्या विहिरीपाशी संपते. आता दोन्हीकडे नळ आहेत, माझ्याशिवाय तिचा उपयोग कुणाला नाही, तरी ती मोडलेली नाही. कुणी पाडली म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर कुणी नीट उत्तर दिलं नाही. घरी मिस्टर म्हणायचे, "आज कोणत्या गावाची बायको आहेस?" मला हसू यायचं नाही.

श्रावण लागला. दोन्ही गावांनी एका गोष्टीवर एकमत केलं, आणि ती गोष्ट सगळ्यांत वाईट होती. अर्धा-अर्धा माळ घ्यायचा. दोन खरेदीखतं, दोन पहिले नंबर, मधे हद्दीचे दगड. सगळे खूश. मला मात्र दिसत होतं की हद्द आली की तार येणार, तार आली की गुरं अडणार, आणि आज ना उद्या कुणीतरी आपला अर्धा तुकडा विकायला काढणार. तरी सचिव म्हणून मी शेगावला फोन लावला.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाटनीच कराची व्हती तर माह्या घरी वाटनारे कमी हायेत का? माळ आख्खा घ्या, नाई तर ऱ्हाऊ द्या." आणि फोन ठेवला. मी दोन्ही कार्यालयांत तो निरोप दिला. मनातून मात्र फार बरं वाटत होतं.

पण दिवस जात होते. पोळा अगदी तोंडावर आला तेव्हा ठेकेदाराने पोकलेन मशीन आणून शेजारच्या शेतात उभं केलं. पिवळं धूड. सकाळी गुरं माळावर निघाली की त्याच्याकडे पाहत थबकायची. भास्करभाऊंचं बोलणं कमी झालं. निर्मलाबाई तर मुळातच बोलत नव्हत्या.

बीडीओ साहेबांनी संयुक्त सभा लावली. आसोलीवाले टेंभाऱ्याच्या कार्यालयात येईनात, टेंभाऱ्याचे आसोलीच्या. म्हणून सभा माळावरच, नाल्याजवळच्या मोठ्या हिवराखाली. दोन सतरंज्या अंथरल्या, मधे साहेबांची खुर्ची आणि माझं टेबल. टेबलावर दोन शिक्के, दोन शाईचे पॅड. लांबवर मशीन दिसत होतं.

पुन्हा तेच सुरू झालं. आम्ही पहिले, तुम्ही दुसरे. साहेब समजावून थकले. माझं डोकं आधीच तापलं होतं. मी उठले आणि म्हणाले, "पहिलं नाव पाहिजे ना? मग पहिल्या नावासोबत काय येतं ते ऐका."

मी काही शक्कल लढवत नव्हते, खरंच चिडले होते. सरकारी कचेरीत सामायिक जमीन असली की सगळा पत्रव्यवहार पहिल्या नावाशी होतो. तसा काही लेखी नियम नाही, पण कारकुनाचा हात पहिल्या नावावर थांबतो. मी सांगत गेले. तहसीलची नोटीस पहिल्या नावाला येणार. ऑडिटवाले, म्हणजे हिशेब तपासणारे, आक्षेप काढतील तर खुलासा पहिल्याने द्यायचा. ठेकेदार कोर्टात गेला तर समन्स पहिल्याला. माळावर कुणी अतिक्रमण केलं तर स्वतःच्या भावकीतल्या माणसावर पोलिसात जायचं, ते पहिल्याने. वणवा लागला तर पहिला जाब पहिल्याला. "आता बोला," मी म्हणाले, "कुणाला व्हायचंय एक नंबर?"

दोन्ही सतरंज्यांवर कुजबुज सुरू झाली.

भास्करभाऊंनी घसा साफ केला. "मंग मी काय म्हन्तो, आसोलीचंच नाव पयले ऱ्हाऊ द्या. अकारविल्ह्यानंबी त्याइचंच येते."

दोन्ही सतरंज्या हसल्या. आसोलीच्या बाजूने एक म्हातारबुवा म्हणाले, "वा भाऊ. काल लोकसंख्या लोकसंख्या करून राह्यले व्हते, आता बाराखडी आठोली का?"

"तुमी घ्या ना मंग."

"तुमीच घ्या."

झालं. आतापर्यंत दोघांनाही पहिलं व्हायचं होतं, आता कुणालाच व्हायचं नव्हतं. भांडण जागच्या जागीच राहिलं, फक्त तोंड फिरवून बसलं. साहेब माझ्याकडे पाहत होते, की मॅडम, हे काय करून ठेवलं. मलाही तेच वाटत होतं. मशीन लांबवर तसंच उभं होतं.

तेव्हा निर्मलाबाई उठल्या. पदर सारखा केला.

"मॅडम, तुमी रोज ह्या पायवाटेनं गाडी नेता. ही कोनी पाडली, मालूम हाये?"

मी नाही म्हटलं.

"आमच्या गावच्या बायायनं पाडली. मी लगीन होऊन आली, त्या सालची गोठ हाये. आसोलीची विहीर पार कोरडी झाली. सासूनं डोक्यावर पान्याची गुंडी देली अन् म्हने, टेंभाऱ्याले जाय. मले वाटे, कोनी हाकलून देईन. तोरनाचं भांडन ताजंच व्हतं. तथी गेली तं विहिरीवर ह्या भास्करभाऊची माय बसेल व्हती. मले म्हने, नवी दिसतं, लय उन्हाचं चालून आली. आधी तिनं मले पानी पेवाले देलं. मंग गुंडी भरू देली." त्या थांबल्या. "तिच्या हातचं पानी मी पेली. घरी सांगतलं नाई. पुरा उनाळा आमच्या गावानं टेंभाऱ्याचं पानी नेलं, कोनी एका शब्दानं आडवलं नाई. मंग आमच्याकडं नळ आले अन् आमी येनं सोडलं. कधी आभार म्हनून मानले नाई. मानले तर आपन खाली पडू, असं वाटे सगळ्याइले."

मी मान खाली घातली. पाण्यावरून आमच्या माणसांनी काय सोसलंय ते मला कुणी सांगायला नको, माझ्या आजीकडून ते मी लहानपणीच ऐकलंय. त्याच माणसांतली एक बाई तहानलेल्या परक्या सुनेला आधी पाणी पाजते, हे ऐकून माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी शिक्क्याचं पॅड उघडलं आणि उगाच बंद केलं.

निर्मलाबाई माझ्याकडे वळल्या. "लिवा मॅडम, आसोली पयले. मान म्हनून नोका लिवू. ज्याइनं आमाले पानी पाजलं, त्याइच्या वाट्याच्या नोटिसा आमी घेऊ. तेवढं तर करू."

आसोलीच्या सतरंजीवरचे म्हातारबुवा नाही म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्या घरातही तेव्हा गुंडी होतीच ना.

भास्करभाऊंनी खालच्या गवताची एक काडी उपटली. मग म्हणाले, "माय असती तं तिले लय बरं वाटलं असतं." आणि थोड्या वेळाने, "नोटीस आली का आमालेबी आवाज द्या ताई. एकट्यानं नोका झेलू."

मी लिहिलं. क्रमांक एक, आसोली. क्रमांक दोन, टेंभारा. दोन्ही शिक्के मारले. साहेब परत जाताना जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "मॅडम, 'लय बरं वाटलं' हे मलाही म्हणता येतं." त्या दिवसापासून ते वऱ्हाडी ऐकून हसत नाहीत.

खरेदी चिखलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात झाली, जिथे जमिनीचे कागद नोंदवतात. कौसल्याआजी मुलासोबत आल्या. मुलगा जरा फुगलेला होता, पण आईला हाताला धरून त्यानेच पायऱ्या चढवल्या. आसोलीतर्फे सरपंच आणि सचिव, टेंभाऱ्यातर्फे सरपंच आणि सचिव. मी एकदा सही केली, मग पुन्हा केली. दोनदा फोटो काढला, दोनदा अंगठा दिला. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही मघाशी येऊन गेलात ना?" मी म्हटलं, "त्या आसोलीच्या."

आजींनी सही केली आणि विचारलं, "झाला का माळ गावाचा?"

"दोन्ही गावांचा झाला, आजी."

"म्हंजे झाला," त्या म्हणाल्या, आणि मुलाला चहा सांगायला पाठवलं. चहा त्याने सगळ्यांसाठी आणला.

त्या वर्षी पोळ्याला मी माळावर गेले. तुम्हाला वाटेल, एकच तोरण लागलं असेल. नाही. दोनच लागली, नेहमीसारखी. दोन्हीकडे झडत्या म्हटल्या गेल्या आणि त्यांत एकमेकांना व्यवस्थित टोमणे मारले गेले. झडत्या म्हणजे पोळ्याला जोरात म्हणायच्या चिमटे काढणाऱ्या ओळी. माझ्यावरही एक होती, दोन नवऱ्यांच्या बाईची. मी ऐकली नाही असं दाखवलं. मशीन मात्र शेजारच्या शेतातून गेलेलं होतं. त्याच्या लोखंडी पट्ट्यांच्या खुणांत गवत उगवायला लागलं होतं.

पहिली नोटीस हिवाळ्यात आली. तहसीलची, साधीच, कसल्याशा नोंदीबद्दल. वर लिहिलं होतं: 'आसोली ग्रामपंचायत व इतर.' निर्मलाबाईंनी भास्करभाऊंना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, नोटीस हातात घेऊन वाचली आणि म्हणाले, "आमी इतर." मग चष्मा लावून पुन्हा वाचली. "बरं लिवलं हाये. चाला, कवा जाचं तहसीलले?" दोघं मिळून गेले. त्यानंतरही जे आलं त्याला दोघं मिळूनच जातात. एक गप्प बसतं, एक बोलतं, त्यामुळे काम लवकर होतं.

नव्याने नोकरीत आलेले ग्रामसेवक मला विचारतात, की दोन गावं एकत्र कशी आणली. मी सांगते, एकत्र नाही आणली. भांडण अजून आहे, तोरणं दोन आहेत. भांडण मिटायची वाट पाहत बसलो असतो तर आज तिथे मुरमाची खाण असती. कागद नीट लिहा, एकाला दुसऱ्याशिवाय मोडता येणार नाही असा लिहा, आणि पहिल्या नावासोबत काय काय येतं ते सभेत मोठ्याने वाचा. बाकी माणसं चांगली असावी लागतात. तो भाग आपल्या हातात नसतो. माझ्या वाट्याला ती आली, हे माझं नशीब.

टेंभाऱ्याला आता त्यांचा स्वतःचा ग्रामसेवक मिळाला आहे. माझा तिथला कार्यभार सुटायच्या आधी आसोलीच्या ग्रामसभेत निर्मलाबाईंनी एक विषय घेतला: टेंभारा गावाचे आभार मानणे. सूचक त्या स्वतः, अनुमोदक तेच म्हातारबुवा. ठराव एकमताने. मी पत्र लिहिलं, शिक्का मारला, जावक नंबर टाकला, आणि त्याच पायवाटेने टेंभाऱ्याला नेलं. आवक केलं. सभेत वाचलं.

"उत्तर काय लिवाचं, भाऊ?" मी विचारलं. इतकी वर्षं तिथे काढून माझ्याही तोंडात तीच बोली बसली आहे.

भास्करभाऊंनी विचार केला. नेहमीसारखी लांबण लावली नाही.

"लिवा, विहीर तथीच हाये. पायवाटबी हाये."

टेंभाऱ्याची सचिव म्हणून मी लिहिलेलं ते शेवटचं पत्र. 'संदर्भीय पत्रान्वये कळविण्यात येते की, विहीर जागेवर आहे व पायवाटही.' ते घेऊन मी परत आसोलीला आले आणि आवक केलं. या वेळी वाचून राग आला नाही.